‘म्हणलं होतं ना!’

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर पावसाने दोन तास खाल्ले. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि त्या मोकळ्या वेळात ज्याने-त्याने आपापला अंदाज मांडून घेतला. नांदेडमधलं चहाचं हॉटेल असो की लातूरच्या शिकवणी वर्गांजवळची मेस, अंतिम सामन्याआधीची भाषा सगळीकडे सारखीच असते. ‘स्मृतीचं शतक लिहून घे.’ ‘टॉस हरलो, संपलं.’ ‘मामा, काळजी करू नका, आफ्रिका फायनलला कच खाते.’ मध्यरात्रीच्या सुमारास भारत ५२ धावांनी जिंकला. सोमवारी सकाळी त्याच टेबलांवर चुकलेला अंदाज शोधूनही सापडला नसता. सगळ्यांचंच म्हणणं एक: ‘म्हणलं होतं ना!’

यात कुणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. निकाल कळला की मेंदू जुनी आठवण गुपचूप दुरुस्त करतो. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. अमुक भेट होण्याची शक्यता किती टक्के, तमुक करार होण्याची किती. दौरा आटोपल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती टक्के लिहिले होते ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याला आपण बरेच टक्के दिले होते, असं पुष्कळांना आठवत होतं. कागदावरचे आकडे वेगळे होते.

नवी मुंबईच्या सामन्याचा कागद तपासायला एकच नाव पुरे आहे. शेफाली वर्मा स्पर्धेच्या मूळ संघातच नव्हती. बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात प्रतिका रावल जखमी झाली, म्हणून उपांत्य सामन्याआधी शेफालीला बोलावलं. त्या सामन्यात तिने १० धावा केल्या. अंतिम सामन्यात ७८ चेंडूंत ८७ केल्या, आणि एरवी क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या या मुलीने सुने लूस आणि मारिझान काप अशा दोन महत्त्वाच्या फलंदाज बाद केल्या. सामन्याची मानकरी तीच ठरली. स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्यावर अंदाज बांधायची सोयच नव्हती. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन सामने हरल्यावर ‘आता गेला कप’ असं किती जणांनी जाहीर केलं होतं, तेही ज्याचं त्याने आठवून पाहावं.

अंदाज चुकण्याचं पहिलं कारण माया. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दलचा अंदाज माणूस नेहमी थोडा वर उचलतो. हे फक्त चाहत्यांचं नाही, डॉक्टरांचंही आहे. शिकागोच्या निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३४३ डॉक्टरांना ४६८ अखेरच्या आजारातल्या रुग्णांबद्दल विचारलं होतं, हा रुग्ण किती दिवस काढेल? बऱ्यापैकी जवळ गेलेले अंदाज शेकडा २० होते. शेकडा ६३ अंदाज वाजवीपेक्षा आशावादी निघाले. आणि रुग्णाशी डॉक्टरची ओळख जितकी जुनी, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त. हरमनप्रीतच्या संघाला दहा वर्षं पाहणाऱ्याने स्वतःला तटस्थ समजू नये, ते एवढ्यासाठीच.

दुसरं कारण अधिक रंजक आहे आणि ते समजायला क्रिकेटपेक्षा गोल्फ सोपं. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहत नाही, पण ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी भारतात कितीतरी घरांत पहाटेच टीव्ही लागले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला गोल्फची चौथी आणि शेवटची फेरी होती आणि बेंगळुरूची अदिती अशोक तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या क्रमांकावर होती. गोल्फमध्ये जो कमी फटक्यांत चेंडू सगळ्या खळग्यांत घालेल तो जिंकतो, एवढं माहीत असलं की पुरे. पहाटे उठलेल्यांपैकी अनेकांना तेवढंही त्याच दिवशी कळलं. पण पदक कोणतं मिळणार याचा अंदाज प्रत्येकाकडे तयार होता.

आता आकडे पाहा. अमेरिकेच्या नेली कोर्डाचे चार फेऱ्यांतले फटके ६७, ६२, ६९, ६९. दुसऱ्या दिवशी ६२ पाहून कुणालाही वाटेल, ही आता रोज असंच खेळणार. पण ६२ मध्ये तिचं कौशल्य होतं तसा त्या दिवसाचा योगही होता. वारा बरा, चेंडू चांगल्या जागी पडले, शरीराने साथ दिली. कौशल्य दुसऱ्या दिवशीही सोबत येतं, योग येईलच असं नाही. म्हणून विलक्षण दिवसानंतरचा दिवस बहुधा नेहमीच्या पातळीकडे झुकलेला असतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. कोर्डाने तरीही सुवर्ण घेतलं, कारण तिची नेहमीची पातळीच वरची होती. अदितीचे ६७, ६६, ६८, ६८. म्हणजे ती कुठेही ढासळली नाही. न्यूझीलंडची लिडिया को आणि जपानची मोने इनामी या दोघी शेवटच्या दिवशी ६५ मध्ये आल्या आणि अदितीचं पदक एका फटक्याने हुकलं. ‘दबावाखाली कोसळली’ असं म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे पाहिलेले नसतात.

क्रिकेटमध्येही हेच. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ आणि हरमनप्रीत ८९. अंतिम सामन्यात अनुक्रमे २४ आणि २०. उलट दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने उपांत्य सामन्यात १६९ केल्यावर अंतिम सामन्यातही १०१ केल्या. म्हणजे नियम हा कल सांगतो, शब्द देत नाही.

दवाखान्यात हा नियम रोज भेटतो. पहिल्यांदा तपासताना रक्तदाब १६० भरला, आठ दिवसांनी काही न करता १४६. मधल्या काळात कुणी सांगितलेला काढा घेतला असेल तर श्रेय काढ्याला जातं. गुडघा सगळ्यात जास्त दुखतो त्याच दिवशी माणूस नवं तेल आणतो. त्यानंतर दुखणं तसंही थोडं उतरणारच असतं. रक्तदाबाचं निदान एका आकड्यावर न करता पुन्हा पुन्हा मोजून करतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग सगळ्यांचे अंदाज एकत्र केले तर? इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात कापलेल्या बैलाचं वजन किती भरेल, याची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्या ७८७ चिठ्ठ्या मिळवून १९०७ मध्ये हिशेब छापला. ओळीने लावल्यावर मधोमध आलेला अंदाज १२०७ पौंडांचा होता, प्रत्यक्ष वजन ११९८. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी किंवा देवणी बैलाभोवती उभ्या असलेल्या माणसांकडून अशाच चिठ्ठ्या घेतल्या तर आकडा असाच जवळ जाईल, असं मानायला हरकत नाही. फक्त अट आहे. प्रत्येकाने शेजाऱ्याचं न ऐकता चिठ्ठी लिहायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नेमकं हेच होत नाही. पहिल्या दोघांनी ‘आपणच’ म्हटलं की उरलेले पन्नास जण तेच म्हणतात, आणि त्या पन्नास अंदाजांची किंमत दोनाएवढीच राहते.

इथपर्यंत हे सगळं करमणुकीचं आहे. अंदाजाला पैसे चिकटले की गोष्ट बदलते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. कायद्याने सवय मात्र एका दिवसात सुटत नाही. या सवयीला खतपाणी घालते ती ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना. एका धावेने, एका विकेटने हरलेला डाव मेंदूला हार वाटतच नाही. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही अशा हुकलेल्या डावातही जागे होतात, असं मेंदूच्या चित्रणांत दिसलं आहे. त्यात ‘म्हणलं होतं ना’ची खोटी आठवण मिसळली की आपल्याला कळतं, यावर पोराचा विश्वास पक्का होतो. घरापासून दूर खोली करून राहणारा मुलगा फीचे पैसे अशात घालवतो तेव्हा आधी खोटं बोलू लागतो, मग उसने मागतो, झोप जाते, अभ्यास सुटतो. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक वर्गीकरणात नोंदलेला आहे. त्यावर रागावण्यापेक्षा उपचार उपयोगी पडतात. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि अंतिम सामन्याच्या रात्री आणखी एक अंदाज केला जातो, जो कुणी मोठ्याने बोलत नाही. पंचेचाळिसावी ओव्हर चालू आहे, छातीत दाटून आलंय, घाम फुटलाय, आणि खाटेवर बसलेला माणूस मनात म्हणतो, गॅस झालाय. सामना संपला की बघू.

२००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या ४२७९ रुग्णांची नोंद तपासली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे प्रसंग एरवीच्या २.६६ पट झाले, पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. सर्वांत जास्त धोका सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत होता, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना अधिक. सगळीकडे असंच दिसलं असं नाही. फ्रान्सने १९९८ चा विश्वचषक जिंकला त्या दिवशी तिथल्या पुरुषांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू उलट कमी भरले होते. पण ताणात ॲड्रिनलीन वाढतं, ठोके आणि रक्तदाब चढतात, रक्तवाहिन्या आकसतात, आणि आतला चरबीचा थर नाजूक असेल तर तो फुटून गुठळी होते, याबद्दल वाद नाही. शिवाय सामन्याच्या नादात रात्रीची गोळी राहते, तंबाखूची पुडी दोनदा जास्त उघडते, शेव-चिवड्याचं मीठ पोटात जातं.

तरुण, निरोगी माणसाने सामना पाहायला घाबरायचं कारण नाही. मधुमेह, रक्तदाब, आधी बसवलेली स्टेंट, तंबाखू यांपैकी काही असलेल्याने मात्र त्या रात्रीचं छातीतलं दुखणं स्वतः ओळखायच्या भानगडीत पडू नये. सोडा पिऊन ढेकर आली आणि बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखेलच असंही नाही. नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. घरातल्या सगळ्यांना चहा देऊन मग टीव्हीसमोर बसलेल्या बाईच्या अशा तक्रारीला ‘दमली असेल’ म्हणून बाजूला सारलं जातं, आणि ती स्वतःही तेच म्हणते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक तास गेला की हृदयाचा थोडा स्नायू कायमचा जातो. किनवटपासून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून ईसीजीसाठी थेट मोठ्या शहराची वाट धरण्याऐवजी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं. १०८ ला फोन करावा, रुग्णाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये, त्याला चालवू नये. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पुढच्या अंतिम सामन्याच्या दिवशी त्या पहिल्या चेंडूच्या आधी घेऊन टाकाव्यात.