नोकरी संपते, औषधं संपत नाहीत

आमच्या अस्करमध्ये निवृत्तीचा विषय निघाला की आधी ग्रॅच्युइटीचा हिशोब होतो. पहिली ३ वर्षं दरसाल अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दरसाल एका महिन्याचा. मार्च २०२४ पासून कंपन्या ती रक्कम दरमहा सरकारी विमा संस्थेकडे भरतात.

पण औषधपाण्याचं काय? नोकरीबरोबर कंपनीचं मेडिकल कार्डही जातं, आणि नेमक्या तेव्हाच साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात.

भारतात एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवा आरोग्यविमा घेता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरी वयाबरोबर हप्ता चढतोच, आणि जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरीनंतर ‘आयुष्मान भारत’चं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. साठ ते सत्तर ही दहा वर्षं मात्र बहुतेकांना स्वतःच निभवावी लागतात.

म्हणून इथला पगार चालू असतानाच तिकडची पॉलिसी घ्यावी. थांबण्याची वर्षं इथेच सरतात. आमचा पहिला हप्ता या धनत्रयोदशीला जाईल. सोन्याचं वळं पुढच्या वर्षी!