खोकताना लघवी गळते? हा व्यायाम करा

खोकल्याचे औषध लिहून झाले, की दाराकडे वळलेली बाई हमखास मागे फिरते. "डॉक्टरबाई, खोकला आला का लुगडं ओलं होते जी." खरे तर ती यासाठीच आलेली असते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील बायका हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा येथील ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. अभ्यास केवळ लघवीच्या तक्रारींचा नव्हता, पण गप्प राहण्याची सवय त्यात दिसलीच.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिने मूत्राशय व गर्भाशय तोलून धरलेले असतात. बाळंतपणे, जुना खोकला, बद्धकोष्ठता, सरपणाच्या मोळ्या यांनी ती सैल पडते. मग शिंकताना, हंडा उचलताना लघवी निसटते. यावर बायका पाणी पिणेच कमी करतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईने असे मुळीच करू नये. घट्ट लघवी मूत्राशयाला झोंबते, आणि उष्माघाताची भीती वेगळीच!

झोळी घट्ट करण्याचा व्यायाम अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत, असे समजून आतले स्नायू वर ओढा. पाच आकडे मोजा, सोडा, पुन्हा पाच मोजेपर्यंत विसावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळू नका. श्वास चालू ठेवा. जमेल तसे दहा आकड्यांपर्यंत वाढवा. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करू नये.

व्यायाम सोपा आहे, लक्षात राहणे कठीण. म्हणून मी तो रोजच्या कामाला बांधून देते: सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी तांदूळ निवडताना, रात्री अंथरुणावर. कोणाला दिसत नाही, त्यामुळे सासूबाईंना विचारायलाही नको! रोवणीच्या दिवसांत खंड पडतोच. पुन्हा सुरू करावे. गुण यायला तीन महिने लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यातच सोडतात आणि "फरक नाही" म्हणतात. खोकण्यापूर्वी, ओझे उचलण्यापूर्वी स्नायू आवळण्याची सवयही लावून घ्यावी.

लघवीला जळजळ, रक्त, अंग बाहेर येणे असे काही असेल तर आधी तपासणी करावी. अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर आत छिद्र पडलेले असू शकते. त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. अशा बाईने व्यायामात दिवस न घालवता थेट रुग्णालय गाठावे.