पावसाळ्यात अंदमानला जावं का?

मे महिन्याचा तिसरा आठवडा आला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास झळकते: मोसमी पाऊस अंदमानात दाखल. इकडे आपल्या अंगाची काहिली चाललेली असते, नळाची धार करंगळीएवढी झालेली असते, आणि ती चार ओळींची बातमी वाचूनच जीव जरा गार होतो. चला, निघाला एकदाचा! पण मैत्रिणींनो, त्याच आठवड्यात तुमची अंदमानची तिकिटं काढलेली असतील तर? मग तीच बातमी पोटात गोळा आणते.

आणि तिकिटं नेमकी तेव्हाचीच असतात, यात नवल नाही. मुलांच्या परीक्षा संपतात, घरातली लग्नकार्यं उरकतात, ह्यांची रजा मंजूर होते ती मेमध्येच. काहीजणी जून-जुलैत हॉटेलांचे दर उतरतात म्हणून मुद्दाम तेव्हाचा बेत आखतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तर वाटतं, आता कसला आलाय पाऊस! अंदमानात तेव्हाही तो असतोच. वर्षानुवर्षं पैसे साठवायचे, सासूबाईंना बरोबर घ्यायचं, चार-पाच माणसांची विमानाची तिकिटं काढायची आणि तिथे जाऊन हॉटेलच्या खोलीत पत्ते कुटत बसायचं, असं व्हायला नको असेल तर निघण्याआधी हा पाऊस नीट समजून घ्यायला हवा.

आपला पाऊस आणि तिकडचा

पावसाचं आम्हांला काय सांगता, असं कोकणातल्या वाचक म्हणतील. खरं आहे. पोर्ट ब्लेअरला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीकरणीला त्यात नवीन काही नाही. (पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण आपल्या तोंडात जुनं नाव बसलेलं आहे म्हणून इथे तेच वापरते.) फरक आहे तो वाटणीत. आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकून परततो. अंदमानात दोन पाऊस येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा. तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा, आणि हा डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. म्हणजे कोरडे, शांत दिवस म्हणावेत ते जानेवारी ते एप्रिल एवढेच. बाकीचे आठ महिने पाऊस कधीही दारात उभा.

अर्थात आठ महिने तो अखंड कोसळतो असं नाही. तास-दोन तास धो धो, मग लख्ख ऊन, मग पुन्हा आभाळ भरून येतं, असा त्याचा एरवीचा खाक्या. मध्येच समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की मात्र तीन-चार दिवस सूर्याचं दर्शन होत नाही. शिवाय तारखा तो पाळेलच असं नाही. एरवी २० मेच्या आगेमागे येणारा हा पाहुणा २०२५ साली १३ मेलाच अंदमानच्या समुद्रात हजर झाला आणि २६ मेला मुंबईतही येऊन धडकला. "पाऊस यायच्या आत जाऊन येऊ" हा हिशोब त्या वर्षी साफ कोलमडला.

खरी अडचण समुद्राची

पण पावसात भिजल्यानं सहल बिघडत नाही. बिघडते ती समुद्रामुळे, आणि ही गोष्ट सहलीच्या रंगीत पत्रकांत कुणी छापत नाही.

अंदमान म्हणजे एक गाव नव्हे, बेटांची माळ आहे. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला. फोटोत दिसणारा तो पांढऱ्या वाळूचा किनारा असतो हॅवलॉक बेटावर, आणि धाकटं नील बेट आणखी वेगळं. (२०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप असं नामकरण झालं, तिकिटांवर ही नावंही दिसतील, गोंधळू नका.) पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीनेच जावं लागतं; खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. पूल नाही, रस्ता नाही. समुद्र खवळला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला की बोटी बंद. तुम्ही ज्या बेटावर असाल तिथेच अडकून पडलात.

आपले कोळीबांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ते काय त्यांना समुद्राची भीती वाटते म्हणून? समुद्र कळतो म्हणून. पर्यटकाला मात्र तिकिटाचे पैसे भरले की समुद्रानेही आपलं वेळापत्रक पाळावं असं वाटू लागतं.

डिसेंबर २०१६ ची गोष्ट बघा. डिसेंबर म्हणजे तर ऐन हंगाम! पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, पुढे त्याचंच 'वरदा' चक्रीवादळ झालं, आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले. शेवटी नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणलं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे या समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने, हे ध्यानात असू द्या. जून ते सप्टेंबरमध्ये वादळं सहसा होत नाहीत, पण वारा आणि लाटा रोजच्याच.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. निळंशार पाणी, पाण्याखालची प्रवाळं, मुलांना समुद्रात बुडी मारून मासे दाखवायचे, हीच मुख्य हौस असेल तर पावसाळ्यात जाऊच नका. पाणी गढूळ असतं, काचेच्या तळाच्या होडीतून हिरवट धूसर पाण्याखेरीज फारसं काही दिसत नाही, आणि खराब हवेत पाण्याखालचे खेळ बंदच ठेवतात. त्यापेक्षा एक वर्ष थांबा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांची चार दिवस शाळा बुडवा. पण सेल्युलर जेल बघायचं आहे, हिरवंगार रान बघायचं आहे, गर्दी नको आहे आणि एखादा दिवस वाया गेला तर घरात कुणी कपाळाला आठ्या घालणार नाही, अशी मंडळी असाल तर खुशाल जा. फक्त दिवसांची मांडणी नीट करा.

ही मांडणी म्हणजे सगळ्या बेताचा कणा. बरेच जण काय करतात, तर आधी पोर्ट ब्लेअर बघून घेतात आणि "शेवटी दोन दिवस निवांत समुद्रकिनारी" म्हणून हॅवलॉक ठेवतात. पावसाळ्यात नेमकं उलट करावं. समजा, परतीचं विमान रविवारी सकाळचं आहे आणि तुम्ही शनिवारच्या दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला येणार आहात. शनिवारी बोट रद्द झाली की विमान गेलंच. आणि पाच माणसांची ऐन वेळची तिकिटं काय पडतात ते सांगायला नको. तेव्हा बेटं आधी उरका आणि शेवटचे पुरते दोन दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवा. बोटीही सकाळच्याच निवडा. सकाळची चुकली तर दुपारची हाताशी असते. परतीच्या प्रवासात चेन्नईला किंवा कोलकात्याला त्याच दिवशीचं पुढचं घाईचं विमान किंवा गाडी ठेवू नका, कारण खराब हवेत विमानालाही उशीर होतो.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधी विचारून घ्या. बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे बहुधा परत मिळतात. पण तुम्ही पोचूच शकला नाहीत त्या हॉटेलचे? तोंडी "होऊन जाईल हो मॅडम" याला काही अर्थ नाही. लेखी घ्या.

प्रकृतीचाही विचार हवा. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे. हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. समुद्र बंद झाला तर रात्री-अपरात्री रुग्णाला हलवणं किती कठीण होईल, याची कल्पना करा. दिवस भरत आलेली सून, नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेले सासरे, यांना पावसाळ्यात लहान बेटांवर मुक्कामाला नेऊ नये. त्यांच्यासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच पाहण्यासारखं भरपूर आहे.

बोट लागण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात ती भल्याभल्यांना लागते. उपाशीपोटी बसू नका, आणि पुरीभाजी चापूनही बसू नका. इडली, केळं, कोरडं बिस्किट एवढंच पोटात असावं. आल्याची वडी किंवा आलेपाक जवळ ठेवा. शक्यतो बोटीच्या मध्यभागी बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा, मुलांच्या हातातला फोन काढून घ्या. उलटीवरची गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची असते, सुटल्यावर नव्हे. पण मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणि गरोदर बाईला ती डॉक्टरांना विचारूनच द्या. खासगी बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात. आत चांगलंच गारठायला होतं, तेव्हा सासूबाईंची शाल सामानात तळाशी जाऊ देऊ नका.

हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. नैर्ऋत्येचा वारा थेट त्याच्यावर येतो, म्हणून पावसाळ्यात तिथल्या लाटा दांडग्या असतात. बघायला सुरेख, आत शिरायला वाईट. पूर्वेकडचा काळापत्थर किनारा त्या मानाने शांत असतो. लाल निशाण लावलेलं असेल किंवा जीवरक्षकाने नको म्हटलं असेल तर गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका. "मी आहे ना बरोबर" हे यजमानांचं म्हणणं तिथे कामाचं नाही. परत फिरणारं पाणी पाय काढून नेतं, तेव्हा धडधाकट पुरुषाचंही काही चालत नाही. चुकून कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडत दमू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं आणि ओढ सुटली की मग बाहेर यावं. आणखी एक, या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरच्या शेजारच्याच एका छोट्या किनाऱ्यावर एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. खाडीच्या मुखाशी, खारफुटीच्या कडेला, "इथे पाणी किती शांत आहे" म्हणून उतरू नका.

पाऊस लागला तर

शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवलेत आणि धो धो पाऊस लागला, तरी ते वाया जात नाहीत. सेल्युलर जेल तर मराठी माणसाला तीर्थक्षेत्रासारखंच. १९०६ मध्ये बांधून पुऱ्या झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर इथे १९११ ते १९२१ होते, थोरले बंधू बाबारावही इथेच. एकाच तुरुंगात असून भावाला भावाची भेट दुरापास्त होती, हे मुलांना कोठडीपाशी उभं करून सांगा. व्हरांड्यावर छप्पर आहे, त्यामुळे पावसात फिरायला अडचण नाही. उलट अशा कुंद दिवशी, गजांबाहेर पाण्याची संततधार लागलेली असताना, त्या कोठड्या काय असतील ते जास्त कळतं. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मात्र उघड्यावर असतो. त्याचं तिकीट पहिल्या संध्याकाळचं काढा, म्हणजे पावसाने मोडता घातला तर दुसरी संध्याकाळ उरते.

चॅथमची लाकूड गिरणी १८८३ पासूनची. पडवकाचे लालसर ओंडके कसे कापतात ते बघायला मुलांना फार आवडतं. आदिवासी जीवनाचं वस्तुसंग्रहालय आणि नौदलाचं 'समुद्रिका' संग्रहालय, दोन्ही छपराखालची. आणि पाऊस तासभर थांबला, होड्या सुटत असल्या, तर समोरचं रॉस बेट (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) चुकवू नका. एके काळी इंग्रजांची राजधानी होती ती! आज चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांनी आवळून धरलंय, मधून हरणं फिरतात. उन्हाळ्यापेक्षा हे बेट पावसाळ्यातच जास्त देखणं दिसत असेल.

एक लक्षात ठेवा, घड्याळ आपलंच असलं तरी ही बेटं खूप पूर्वेला आहेत. पहाटे पाचच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी सहाला अंधार. नऊला आंघोळी, दहाला नाश्ता असा आपला सुट्टीतला थाट चालवलात तर निम्मा दिवस तिथेच गेला.

सामान बांधताना सुती साड्या आणि जाड टॉवेल घरीच ठेवा. दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास येतो. चटकन वाळणारे सिंथेटिक कपडे, पातळ पंचे, एक नायलॉनची दोरी, दहा-बारा चिमटे आणि कपड्यांच्या प्रत्येक जोडासाठी वेगळी पिशवी, एवढं पुरे. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. डासांचं मलम हवंच, कारण किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्याही चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा बंद बाटलीतलं, आणि मुलांसाठी मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. लहान बेटांवर यंत्रं मोजकी, आणि पावसात फोनवरून पैसे देणं कधी चालतं, कधी चालत नाही.

आणि वाळूत सापडलेले प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, कितीही सुंदर असले तरी. ते बाळगायला कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान उघडायला लावतात. घरी काही न्यायचंच तर पडवकाच्या लाकडाची एखादी छोटी वस्तू घ्या, आणि दुकानदाराकडून पावती मागायला विसरू नका.