थायरॉइड मंदावतो कशामुळे?

सतत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, गळणारे केस, वाढतं वजन. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं निघतं आणि घरात विचारणा सुरू होते : काय खाल्लंस, काय चुकलं? बहुतेक वेळा रुग्णाचं काहीच चुकलेलं नसतं.

गैरसमज : मिठातून आयोडीन कमी गेलं म्हणूनच हा आजार होतो.
वस्तुस्थिती : आयोडीन हा थायरॉइड संप्रेरकाचा कच्चा माल. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. 1962मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण जिथे असं मीठ पोहोचलं, तिथे मुख्य कारण आहे हाशिमोटो आजार. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी 1912मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. मुंबई, गोव्यासह आठ ठिकाणच्या, 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली.

गैरसमज : मग आयोडीन जितकं जास्त तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : प्रौढांना रोज 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी 250. त्याहून खूप जास्त झालं तर काहींची ग्रंथी उलट मंदावते. म्हणून मनाने आयोडीनच्या गोळ्या घेऊ नयेत. मात्र रोजच्या स्वयंपाकातलं आयोडीनयुक्त मीठ काढून फक्त सैंधव वापरणंही योग्य नाही, कारण सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं.

गैरसमज : कोबी, फ्लॉवर खाल्ल्याने थायरॉइड होतो.
वस्तुस्थिती : या भाज्यांतले काही घटक आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात, पण त्यासाठी त्या कच्च्या आणि प्रचंड प्रमाणात खाव्या लागतील, शिवाय आहारात आयोडीन कमी असावं लागेल. शिजवल्यावर हा परिणाम आणखी घटतो. नेहमीची भाजी खुशाल खावी.

गैरसमज : हे बायकांचंच दुखणं.
वस्तुस्थिती : स्त्रियांत प्रमाण कितीतरी जास्त आहे, बाळंतपणानंतरही ग्रंथी काही काळ मंदावू शकते. पण पुरुष सुटत नाहीत. काही बाळांत ग्रंथी जन्मतःच नीट घडलेली नसते. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मतिमंदत्व टळतं.

गैरसमज : गोळीमुळे ग्रंथी आळशी होते.
वस्तुस्थिती : ग्रंथीचं काम घटवतो तो मूळ आजार. लिव्होथायरॉक्सिनची गोळी फक्त कमी पडलेलं संप्रेरक भरून काढते. मनोविकारावरचं लिथियम आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं अमिओडॅरोन ही औषधं मात्र थायरॉइड मंदावू शकतात. थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार यांनंतरही कमतरता येते. क्वचित दोष टीएसएच तयार करणाऱ्या, मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीत असतो. तेव्हा टीएसएच वाढलेलं दिसत नाही, थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-फोरही तपासावं लागतं.

म्हणून डॉक्टरांना नुसता गोळीचा डोस विचारू नका, 'माझ्या बाबतीत कारण कोणतं?' हेही विचारा. आधीपासून घेत असलेली औषधं आणि झालेल्या शस्त्रक्रिया त्यांना सांगा. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, गरोदरपणात तर मुळीच नाही.