निळा पडदा : संगणक का थांबतो आणि दोष कसा शोधावा

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी बेंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावर काही विमान कंपन्यांचे चेक-इन विस्कळीत झाले. त्याच सुमारास जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला होता. हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या फाल्कन या सुरक्षा-सॉफ्टवेअरला मिळालेल्या अपडेटमधील एक फाइल सदोष होती. फाल्कन संस्थांमध्ये वापरतात, त्यामुळे घरचे संगणक बहुतांशी वाचले. पण घरच्या संगणकावरील निळा पडदा समजण्यासाठी हेच उदाहरण उपयोगी आहे.

असे का होते?

ब्राउझर बिघडला तर फक्त ब्राउझर बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतो. फाल्कनच्या ड्रायव्हरने ती फाइल वापरताना हद्दीबाहेरची मेमरी वाचण्याचा प्रयत्न केला. गाभ्यातच चूक झाली की पुढच्या कामाचा भरवसा उरत नाही. डेटा आणखी बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच थांबते. म्हणजे निळा पडदा हा रोग नसून लक्षण आहे. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा असतो.)

कंपनीने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तरी अनेक संगणक सुरू होईनात, कारण फाइल डिस्कवर उतरली होती आणि प्रत्येक वेळी सुरू होताना तीच वाचली जात होती. अशा संगणकांवर सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. सेफ मोडमध्ये फक्त आवश्यक ड्रायव्हर सुरू होतात.

घरी काय करावे?

१. पडद्याचा फोटो काढा. स्टॉप कोड आणि फाइलचे नाव दिसत असल्यास तेही टिपून ठेवा.

२. शेवटी काय बदलले ते आठवा : नवा ड्रायव्हर, अपडेट, रॅम की प्रिंटर?

३. संगणक सुरूच होत नसेल, तर विंडोज सुरू होत असताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून धरून तो बंद करा. दुरुस्तीचा पडदा आल्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा आणि ४ दाबा. बिटलॉकर सुरू असल्यास रिकव्हरी की लागेल. ती आजच लिहून ठेवा.

४. सेफ मोडमध्ये आधी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. मग शेवटचा बदल मागे घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय असतो.

५. स्टॉप कोड दर वेळी वेगळा येत असेल, तर रॅमवर संशय घ्या. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून पाहा.

६. गेम किंवा जड काम चालू असतानाच पडदा येत असेल, तर पंख्यातील धूळ आणि तापमान तपासा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

प्रोजेक्ट सादर करण्याच्या आदल्या रात्री घाबरून संगणक फॉरमॅट करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. दोष रॅममध्ये असेल, तर फॉरमॅटनंतरही निळा पडदा परत येतो. प्रोजेक्ट मात्र परत येत नाही.