आतल्या खोलीतला संच

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने सवलतीच्या जाहिरातींनी भरून जातात आणि मध्यमवर्गीय घरांत एक जुनाच विषय नव्याने निघतो : झोपायच्या खोलीत एक छोटासा टी.व्ही. घ्यायचा का? प्रश्न दिसायला दहा-बारा हजार रुपयांचा. पण त्यात घरातले सारे राजकारण आलेले असते. आजोबांना बातम्या हव्यात, सूनबाईंना मालिका, चिरंजिवांना क्रिकेट. आणि बाहेरच्या खोलीतला पडदा तर एकच!

मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि संध्याकाळी शेजारीपाजारी पोराबाळांसह तेथे हजर होत. पुढे १९८२ साली चित्राला रंग आले, मग वाहिन्या वाढल्या. पण चित्रनळीचा तो बोजड खोका दोन खोल्यांच्या घरात झोपायच्या खोलीत ठेवायचा कुठे? आज संच तसबिरीसारखा भिंतीवर टांगता येतो. जागेची अडचण संपली. उरला तो विचार, आणि तो आपला आपल्यालाच करावा लागतो.

आधी माणूस पाहा

दुकानात शिरल्याबरोबर विक्रेता विचारतो, "किती इंची दाखवू?" त्याआधी स्वतःला विचारावे, कोणासाठी? आमच्याकडे हा प्रश्न निघाला तो सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर. काही आठवडे त्यांना आतल्या खोलीतच काढायचे होते. बाहेर आम्ही हसलो की आतून हाक येई, "अगं, काय झालं गं?" उठून आत जाऊन सांगेपर्यंत विनोद शिळा झालेला असे. त्यांच्यासाठी वेगळा संच घ्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली : "मला आत टी.व्ही. देऊन तुम्ही बाहेर मोकळे व्हायचं नाही हं!"

त्या एका वाक्याने आमची पुढली सारी खरेदी ठरवली. संच असा हवा, की पलंगावर पडलेल्या माणसाला तो स्वच्छ दिसेल आणि शेजारी खुर्ची टाकून बसणाऱ्यालाही दिसेल.

मग टेप घेऊन खोली मोजा

संचाचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. खोक्यावर बहुधा सेंटिमीटर छापलेले असतात. ६० म्हणजे सुमारे २४ इंच आणि ८० म्हणजे सुमारे ३२ इंच. बत्तीस इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंचांहून किंचित कमी उंच असतो. चोवीस इंची पडदा सुमारे २१ इंच रुंद आणि १२ इंच उंच. आकड्यांत फरक आठाचाच दिसला, तरी मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक भरते. किमतीत मात्र तेवढा फरक नसतो, कारण बत्तीस इंची संच मोठ्या प्रमाणावर खपतात. तेव्हा भिंतीवर खरोखरच जागा नसेल, किंवा पलंग अगदी जवळ असेल, तरच चोवीस इंची घ्यावा.

आता 'एच.डी. रेडी' की 'फुल एच.डी.' हा घोळ. स्वस्त लहान संचांत चित्राच्या ७६८ आडव्या ओळी असतात, फुल एच.डी.मध्ये १०८०. विक्रेता दुसऱ्याची शिफारस करणारच. पण निरोगी डोळ्यालाही एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील सहसा वेगळा दिसत नाही. हा हिशेब मांडला, तर बत्तीस इंची पडद्यावरचे ७६८ ओळींचे चित्र सुमारे सहा फुटांपलीकडून, आणि चोवीस इंचीवरचे साडेचार फुटांपलीकडून सलगच दिसते. उशीपासून समोरची भिंत आठ फुटांवर असेल, तर जास्तीच्या ओळींसाठी जास्तीचे पैसे कशाला?

करापायी अडून बसण्याचेही कारण आता नाही. पूर्वी ३२ इंचांहून मोठ्या संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर असे आणि लहानांवर १८. दिनांक २२ सप्टेंबर २०२५पासून सर्वच संचांवर १८ टक्के झाला. खोलीला शोभेल तो आकार घ्यावा, हेच खरे.

दुकानात खाली बसा!

आता सांगते ती गोष्ट जरा संकोचाची आहे. पण पैसे आपले आहेत. दुकानात संच समोर उभे राहून पाहू नका. आपण घरी पाहणार पडून, म्हणजे खालून. स्वस्त संचांपैकी काहींचे चित्र खालून काळवंडते, तर काहींचे बाजूने पाहिल्यास फिके पडते. म्हणून खुशाल खाली बसून वर पाहा, मग दोन पावले डावीकडे व दोन उजवीकडे सरकून पाहा. चेहऱ्यांचे रंग बदलले नाहीत, तर संच पलंगाच्या कामाचा. मी स्टुलावर बसून असे पाहिले, तेव्हा विक्रेता हसला खरा; पण तीन संच तेथल्या तेथे बाद झाले.

दुकानातल्या संचांचा उजेड बहुधा मुद्दाम वाढवलेला असतो, तो साध्या पातळीवर आणायला सांगावे. आवाजही ऐकावा. पातळ संचांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. संवाद पुटपुटल्यासारखे वाटू लागले, तर म्हाताऱ्या कानांचे हाल. एकाला झोपायचे आणि दुसऱ्याला पाहायचे असेल, तर कानाला लावायच्या हेडफोनची सोय संचात आहे का, तेही विचारावे. संसार टिकवणाऱ्या वस्तूंत तिची गणना व्हायला हरकत नाही!

'स्मार्ट' संचाचा मोह सावधपणे धरावा. स्वस्त संचात स्मरणशक्ती तोकडी असते. दोन-चार वर्षांत तो रेंगाळू लागतो आणि नवी अ‍ॅप्स त्यावर चालत नाहीत. पडदा मात्र चांगला धडधाकट असतो. अशा वेळी संच न बदलता मागे एक छोटी स्टिक जोडली की काम भागते, त्यासाठी एच.डी.एम.आय.ची निदान दोन भोके असलेला संच घ्यावा. म्हाताऱ्या माणसाला मात्र दोन रिमोट म्हणजे दोन परीक्षा. एकाच रिमोटने सारे चालेल अशी जुळणी बसवणाऱ्याकडूनच करून घ्यावी.

महिन्याचा खर्च

संच एकदाच घ्यायचा असतो. वर्गणी दर महिन्याला. दुसऱ्या संचासाठी दुसरा सेट-टॉप बॉक्स घेतला, तर बहुतेक ठिकाणी जादा पैसे पडतात. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या प्रसारभारतीच्या 'फ्री डिश'ला वर्गणी नाही. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यावा लागतो. मात्र मुंबई-पुण्याकडे तिची छत्री आग्नेय दिशेला वळवावी लागते. त्या बाजूस मोकळे आकाश हवे, नाहीतर सोसायटीच्या गच्चीसाठी चिटणीसांची मनधरणी आलीच.

विजेची धास्ती नको. ४० वॉटचा संच रोज तीन तास चालला, तरी वर्षाला सुमारे ४४ युनिटे होतात. जुना ७५ वॉटचा पंखा रोज आठ तास फिरून २१९ युनिटे खातो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र संच टांगू नका.

खरी किंमत झोपेची. रात्रीचा उजेड झोप लांबवतो, म्हणून संच आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवावी. घरात लहान मूल असेल, तर अधिकच जपावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाहून अधिक नको.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या यादीत हा संच असेल, तर कागदावर हिशेब मांडा : संच, भिंतीची पट्टी, बॉक्स, हेडफोन. आणि शेवटी एक वस्तू लिहायला विसरू नका, पलंगाशेजारची खुर्ची. ती विकत आणावी लागत नाही. तिच्यावर रोज कोणी ना कोणी बसले पाहिजे, एवढेच.