गाळीमातु आणि वाऱ्याचा शेअर

कन्नडमध्ये वाऱ्याला 'गाळी' म्हणतात आणि अफवेला 'गाळीमातु', म्हणजे वाऱ्यावरची गोष्ट. सुझलॉनच्या शेअरविषयी गेली वीस वर्षे आपल्या भागात जे बोलले जाते, त्याला याहून चपखल शब्द मला तरी सापडत नाही. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे म्हणीही दोन्हीकडच्या हाताशी असतात. घेणारा म्हणतो, 'गाळी बंदाग तूरिको', वारा आला की उफणून घ्या. न घेणारा म्हणतो, वारा पाहून पाठ फिरवावी. गंमत अशी की, या एकाच शेअरमध्ये दोघेही खरे ठरले आहेत.

पवनचक्की आपल्याला परकी नाही. सौंदत्तीकडे जाताना दिसते, गदगच्या डोंगरांवर दिसते, साताऱ्याजवळ वनकुसवडेच्या पठारावर तर रांगच्या रांग आहे. 2000 साली सॉफ्टवेअरच्या शेअर्सची लाट आली होती, तेव्हा या कंपन्या नेमके करतात काय हे घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना सांगता आले नसते. पवनचक्कीचे तसे नाही. पाते फिरते आहे, वीज होते आहे, वारा फुकट आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या धंद्यावर माणसाचा विश्वास लवकर बसतो. मात्र फिरणारे पाते कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती आहे, हे काही सांगत नाही.

तुलसी तांती हे मूळचे कापडउद्योगातले. विजेचा खर्च परवडेना म्हणून स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 मध्ये त्यांचीच कंपनी काढली. 2005 मध्ये शेअर 510 रुपयांना बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर गेला. 2008 च्या जानेवारीत एका शेअरचे पाच झाले. तो हिशेब धरला, तर त्या महिन्यातला भाव साधारण 450 होता. म्हणजे सव्वादोन वर्षांत चौपटीहून जास्त. त्या दिवसांत शंका घेणाऱ्याला मूर्खात काढले जाई.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. बेल्जियमची गिअरबॉक्स कंपनी आणि जर्मनीची रीपॉवर घेण्यासाठी मोठी कर्जे काढली गेली. अमेरिकेत पात्यांना तडे गेले, हजारावर पाती दुरुस्त करून द्यावी लागली. त्यातच जगभर मंदी आली. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये परकीय चलनातले रोखे फेडता आले नाहीत. 2015 मध्ये औषध उद्योगातले दिलीप संघवी यांनी 18 रुपयांनी शेअर घेऊन 1800 कोटी गुंतवले, तेव्हा 'एवढा मोठा माणूस काय वेडा आहे?' हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येही विचारला गेला. मार्च 2020 मध्ये भाव दोन रुपयांच्याही खाली होता. ज्याने 2008 मध्ये 45 हजारांचे शंभर शेअर घेतले, त्याच्याकडे आता दोनशे रुपयेही नव्हते. घरच्यांना हे सांगायचे कसे, हा प्रश्न किती घरांत पडला असेल!

आणि मग वारा फिरला. बँकांनी कर्जाची फेररचना केली. 2022 मध्ये पाच रुपये दराने राइट्स आले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला तांतींचे निधन झाले होते, तरीही 1200 कोटी उभे राहिले. पुढच्या वर्षी आणखी 2000 कोटी आले, कर्ज जवळजवळ सरले आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाव ऐंशीच्या वर गेला. 2025 मध्ये तो पन्नाशीच्या आसपासही येऊन गेला, पण तोवर भागधारकांची संख्या 50 लाखांच्या पुढे गेली होती.

आमचे एक सहकारी गोकाककडचे. घरी कन्नड, कॉलेजात मराठी. त्यांनी 2010 मध्ये साठ रुपयांनी 500 शेअर घेतले. पडला म्हणून 2012 मध्ये वीसने आणखी 500, आणि 2019 मध्ये पाचने 2000. त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, शेअर पडला की हे म्हणतात घ्यायची वेळ, आणि चढला की म्हणतात विकायची वेळ नाही. मग विकायची वेळ असते तरी कधी?" सर हसले आणि म्हणाले, "साडेचारशे होऊ दे री, मग बघ."

या साडेचारशेपाशीच माझे आणि त्यांचे खरे भांडण आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून कागद पुढे ओढला. 2008 मध्ये कंपनीचे साधारण 150 कोटी शेअर होते. 450 च्या भावाने अख्ख्या कंपनीची किंमत झाली 67 हजार कोटींच्या घरात. त्यानंतर कर्ज भागवायला नवे शेअर काढत काढत 2024 मध्ये ते 1300 कोटींच्या पुढे गेले. म्हणजे ऐंशीच्या भावातच कंपनीची किंमत एक लाख कोटींवर होती. 2008 चे शिखर कंपनीने केव्हाच ओलांडले, शेअर मात्र त्याच्या पाचव्या हिश्शालाही पोहोचला नव्हता. भाकरी मोठी झाली खरी, पण पंगतीला नऊपट माणसे बसली. 450 पुन्हा यायचे, तर कंपनीची किंमत सहा लाख कोटींजवळ जायला हवी.

सरांनी कागद उलटा केला आणि आपला हिशेब मांडला. एकूण घातले 50 हजार, शेअर 3000, ऐंशीच्या भावाने 2 लाख 40 हजार. हे कोणीही नाकारू शकत नाही. मी फक्त हप्ते वेगळे केले. साठवाल्या 500 चे 30 हजार चौदा वर्षांत 40 हजार झाले. सात टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते, तर 77 हजारांच्या वर गेले असते. वीसवाले 500 चौपट झाले, ते बरे. पण खरा पैसा दिला तो पाचवाल्या दोन हजारांनी, दहा हजारांचे 1 लाख 60 हजार. तेव्हा कंपनी बुडण्याच्या काठावर होती आणि सरांना ताळेबंद ठाऊक नव्हता. "मग घेतलं कशाला?" मी विचारले. "अहो, गदगला जाताना बघितलं. फिरतच होतं की ते."

शंकेखोर म्हणून मिरवणाऱ्यांचेही काही फार सांगण्यासारखे नाही. 2008 मध्ये हात न लावणारे शहाणे ठरले, पण 2020 मध्येही ते तेच वाक्य बोलत होते. बदललेला भाव, बदललेले कर्ज त्यांनी पाहिलेच नव्हते. भरवसा ठेवणाऱ्याने ताळेबंद वाचला नाही आणि शंका घेणाऱ्यानेही नाही.

2022 च्या राइट्सचा अर्ज सरांनी भरला नाही. मुलीची इंजिनिअरिंगची फी त्याच आठवड्यात होती आणि वहिनींनी पासबुक कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. 2024 मध्ये मात्र सरांनी सातशे शेअर विकले, घातलेले 50 हजार परत आले. उरलेले 2300 डीमॅटमध्ये आहेत. खाते आता दोघांच्या नावावर आहे.